दुभाष्याविना : डॉ. कोटणीस यांचा चिनी भाषाभ्यास

१/ सोलापूरहून मुंबईकडे जाणारा लोहमार्ग करमाळा तालुक्यातील जेऊर स्थानकावरून जातो. जिल्ह्यातील कित्येक पिढ्या याच मार्गाने शिक्षणासाठी बाहेर पडल्या. सोलापूरच्या एका विद्यार्थ्याने पुढे चीनमध्ये जाऊन तेथील भाषा इतकी आत्मसात केली की, तिच्यातूनच त्याने वैद्यकशास्त्र शिकवले. हा धागा त्या भाषाभ्यासाविषयी.

२/ द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच बाजारपेठेत कानी पडतील असे हे गिरण्यांचे शहर. वैद्यकीय शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले.

३/ १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी जवाहरलाल नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक मुंबईहून निघाले : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी.

४/ चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. त्या नावांच्या अखेरीस ‘हुआ’, म्हणजे चीन, हा शब्द होता. कोटणीस झाले ‘के दिहुआ’. नाव मिळाले, भाषा मात्र कष्टाने मिळवावी लागणार होती.

५/ चिनी लिपीत मुळाक्षरे नाहीत. हजारो चिन्हे स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात. शिवाय सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘थांग’ सपाट, उंच सुरात उच्चारला तर रस्सा. तोच चढत्या सुरात उच्चारला तर साखर. आहार सांगणाऱ्या वैद्याला हा भेद दुर्लक्षून कसे चालेल?

६/ भाषेवाचून शस्त्रक्रिया अशक्य होती, असे नव्हे. कॅनडाचे थोर शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी याच युद्धात दुभाष्याच्या साहाय्याने अतुलनीय कार्य केले. नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने त्यांचा अंत झाला.

७/ जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाची सूत्रे कोटणीसांकडे आली. तेथे जखमींवर उपचार होत, तसेच नवे वैद्यही घडवले जात. विद्यार्थ्यांना इंग्रजी येत नव्हते. शिक्षकाचे प्रत्येक वाक्य दुभाष्याने सांगेपर्यंत थांबायचे, की शिक्षकाने स्वतः त्यांच्या भाषेत उतरायचे? कोटणीसांनी दुसरा मार्ग स्वीकारला. ते चिनी भाषेत व्याख्याने देऊ लागले. शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तकही त्यांनी सिद्ध केले.

८/ या भाषेने त्यांचे स्थान बदलले. साहाय्यास आलेला पाहुणा सहकारी झाला, शिक्षक झाला. १९४१ मध्ये परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवले ‘यिनहुआ’ : ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन.

९/ ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचे निधन झाले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ या चित्रपटाने त्यांचा त्याग घरोघरी पोहोचवला. त्या त्यागामागील भाषेची साधना मात्र क्वचितच आठवली जाते.

१०/ आज करमाळ्यासारख्या तालुक्यातील विद्यार्थी जपानी वा जर्मन शिकू पाहतो, तेव्हा घरचा पहिला प्रश्न नोकरीचा असतो. तो प्रश्न रास्तच आहे. परंतु परभाषा शिकणारा माणूस काही काळ पुन्हा बालक होतो; चुकतो, हसे करून घेतो, दुसऱ्याचे लक्षपूर्वक ऐकतो. शल्यविशारद असूनही कोटणीसांनी ते विद्यार्थिपण पत्करले. मृत्यूसमयी त्यांचे दुसरे पाठ्यपुस्तक अपुरे होते. तेही त्यांच्या चिनी विद्यार्थ्यांसाठीच लिहिले जात होते.