रविवारीं घडलेली वाट

वाट कोणी मुद्दाम करीत नाहीं, ती पडते, असें आपण समजतों. आणि जगांतील बहुतेक वाटांच्या बाबतींत तें खरेंहि आहे. सह्याद्रीच्या कितीतरी घाटवाटा मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या वाहणाऱ्या लमाणांच्या बैलांनीं पाडल्या. बाजाराला जाणारीं माणसें, पाणवठ्याकडे वळणारीं गुरें, देवाला निघालेले यात्रेकरू यांच्या पायांखालीं गवत मरतें आणि वाट उघडी होते. गरज संपली कीं दोन-चार पावसाळ्यांत रान ती पुन्हां गिळून टाकतें. परंतु अमेरिकेच्या पूर्वेकडील पर्वतरांगेवरून एक वाट अशी गेली आहे कीं, ती बाजारासाठीं किंवा पाण्यासाठीं कधीं पडलीच नाहीं. जॉर्जिया संस्थानांतील स्प्रिंगर डोंगरापासून मेन संस्थानांतील कटाडिन शिखरापर्यंत, चौदा संस्थानांतून, ती सुमारें २१९० मैल जाते. काश्मीरांतून निघून कन्याकुमारीला पोंचावें, जवळजवळ इतकें हें अंतर. ही वाट मुख्यत्वें शहरांतल्या कारकुनांनीं, वकिलांनीं आणि शिक्षकांनीं सुटीच्या दिवशीं, पदरचे पैसे खर्चून घडविली, आणि आजहि त्यांचे वारस ती त्याच रीतीनें राखीत आहेत. तिचें नांव अ‍ॅपलेशियन ट्रेल. तिच्या हकीगतींत दोन कर्त्या माणसांचें वैर आहे, आणि बहुधा अर्धवटच सांगितली जाणारी एका अन्यायाची गोष्टहि आहे.

कल्पना बेंटन मकाय याची. हा हार्वर्ड विद्यापीठांत वनविद्या शिकलेला, सरकारी वनखात्यांत नोकरी केलेला गृहस्थ. १९२१ सालच्या एप्रिलांत त्याच्या पत्नीनें मनाच्या आजारांत न्यूयॉर्कच्या ईस्ट नदींत देह टाकला. ती स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडलेली मोठी कर्ती बाई होती. दुःखानें खचलेला मकाय न्यू जर्सींत एका मित्राच्या शेतावर जाऊन राहिला, आणि तेथें जुलै महिन्यांत नगररचनाकार क्लॅरेन्स स्टाइन याच्याशीं झालेल्या बोलण्यांतून एका लेखाचा संकल्प ठरला. ऑक्टोबरांत तो लेख छापून आला, तोहि वास्तुशिल्पज्ञांच्या मासिकांत! डोंगरांतल्या पाऊलवाटेचा जन्म घरें बांधणाऱ्यांच्या मासिकांत व्हावा हें विचित्र दिसतें खरें. पण मकायच्या मनांतील योजना केवळ पाऊलवाटेची नव्हतीच. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत पिळून निघणाऱ्या माणसाला वर्षांतून जेमतेम दोन आठवडे मोकळे मिळतात; तेवढ्या काळांत त्यानें कोठें जावें? पूर्व किनाऱ्यावरील मोठमोठ्या शहरांच्या पाठीशींच ही पर्वतरांग उभी आहे. तिच्या माथ्यावरून एक वाट काढावी, वाटेवर निवारे उभारावेत, पुढें सहकारी वसाहती आणि शेतें वसवावींत, आणि शहरांतल्या माणसानें तेथें येऊन नुसती हवा खाण्याऐवजीं कांहीं काळ तरी वेगळ्या तऱ्हेनें जगून पाहावें, असा त्याचा बेत होता. वाट हें त्याचें साधन होतें. साध्य समाजसुधारणा होतें.

वसाहती आणि शेतें कागदावरच राहिलीं. वाट मात्र लोकांनीं उचलून धरली, याचें कारण डोंगरांत जथ्यानें भटकण्याची आवड त्या भागांत आधींच मुरलेली होती. बोस्टनचा गिर्यारोहकांचा मंडळ १८७६ पासूनचा. व्हर्माँट संस्थानांत १९१० सालीं स्थापन झालेल्या मंडळानें आपल्या डोंगरांवरून एक लांब वाट काढावयास घेतलीच होती. न्यूयॉर्कच्या आसपासच्या मंडळांनीं मकायच्या कल्पनेंतील पहिला तुकडा तयार केला, आणि ७ ऑक्टोबर १९२३ रोजीं बेअर डोंगरापासून आर्डनपर्यंतची ती वाट खुली झाली. मार्च १९२५ मध्यें वॉशिंग्टनला परिषद भरली, ठराव झाले, समित्या नेमल्या गेल्या, आणि ठरावांचें सहसा जें होतें तेंच यांचेंहि झालें. पुढचीं दोन-तीन वर्षें काम रेंगाळलें. आर्थर पर्किन्स नांवाच्या एका निवृत्त वकिलानें तें पुन्हां हलविलें, आणि त्याच्याच ओढीनें मायरन एव्हरी या कामांत शिरला.

एव्हरी हा मेनचा. वॉशिंग्टनला सरकारी नोकरींत असलेला, सागरी कायद्याचा वकील. नोव्हेंबर १९२७ मध्यें त्यानें कांहीं सोबत्यांसह पोटोमॅक अ‍ॅपलेशियन ट्रेल क्लब स्थापन केला. १९३१ पासून १९५२ पर्यंत सगळ्या वाटेच्या परिषदेचा तो अध्यक्ष होता. मकायला स्वप्न पडत असे, एव्हरीला मैल दिसत असत. सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून तें चाक पुढें ढकलीत तो डोंगर चढे, आणि प्रत्येक वळण, झरा व निवारा यांची नोंद वहींत उतरे. १९३६ पर्यंत त्यानें ठरलेली सारी वाट तुकड्यातुकड्यानें पायांखालीं घातली. असें करणारा तो पहिलाच. स्वभाव फटकळ, पत्रव्यवहार अफाट. माणसें दुखावलीं जात, पण काम होई. क्लबचे सभासद सुटी लागली कीं कुऱ्हाडी, विळे आणि शिधा घेऊन ब्ल्यू रिज डोंगराकडे निघत. त्यांत स्त्रियाहि असत. जीन स्टीव्हन्सन या विदुषीनें तर १९३९ पासून वाटेचें वार्तापत्रच चालविलें.

हें काम म्हणजे काय, हें नीट समजून घेण्यासारखें आहे. कारण वाट एकदां काढली कीं झाली, असा पुष्कळांचा ग्रह असतो. वाटेचा पहिला शत्रू पाणी. उतारावरची वाट सरळ खालीं सोडली तर पावसाचें पाणी तिचाच ओढा करून टाकतें. दोन वर्षांत माती जाऊन नुसते गोटे उरतात. म्हणून डोंगराच्या कुशीला आडवी पायरी कोरून तिच्यावरून वाट न्यावयाची, आणि तिला दरीच्या बाजूला किंचित् उतार द्यावयाचा, म्हणजे पाणी तिच्यावरून सरकून निघून जातें. जेथें चढ टळत नाहीं तेथें ठराविक अंतरावर ओंडका किंवा दगडांची ओळ तिरपी पुरून पाण्याला बाहेर वळवावयाचें. हे आडबांध पानांनीं आणि गाळानें भरतात. ते दरवर्षीं मोकळे करावे लागतात. दुसरा शत्रू झाडी. विसाव्या शतकाच्या आरंभीं परदेशांतून आलेल्या एका बुरशीनें त्या डोंगरांतील चेस्टनटचीं झाडें मारण्यास सुरुवात केली, आणि १९४० पर्यंत तो वृक्ष बहुतेक नामशेष झाला. सावली गेली, ऊन जमिनीपर्यंत पोंचलें, आणि जेथें पूर्वीं मोकळी पानझड होती तेथें कांटेरी झुडपांचीं जाळीं माजलीं. वर वाळलेलीं खोडें वाटेंत कोसळावयाचीं तीं वेगळींच. मात्र त्याच मेलेल्या, न कुजणाऱ्या लाकडांतून निवारे आणि कुंपणें उभीं राहिलीं. वाट चुकूं नये म्हणून झाडांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगविलेले असतात. एकावर एक दोन पट्टे दिसले कीं पुढें वळण आहे असें समजावयाचें, आणि निळा पट्टा असला तर ती बाजूची वाट. पोटोमॅक क्लबांत वाटेचा ठराविक तुकडा एकेका सभासदाकडे नेमून दिलेला असतो. पट्टे रंगविणें, बांध मोकळे करणें, झुडपें छाटणें हें त्याचें काम.

इतक्या कष्टानें काढलेल्या वाटेवर १९३१ पासून निराळेंच संकट आलें. व्हर्जिनियांतील शेनँडोआ राष्ट्रीय उद्यानासाठीं राखून ठेवलेल्या डोंगराच्या थेट माथ्यावरून सरकारनें मोटार-रस्ता बांधावयास घेतला. हाच पुढें १०५ मैलांचा स्कायलाइन ड्राइव्ह झाला. माथ्यावर रस्ता म्हणजे क्लबची वाट मोडलीच. एव्हरीचें म्हणणें असें कीं, रस्ता कांहीं केल्या टळत नाहीं. तेव्हां सरकारशीं भांडण्यापेक्षां त्याच्याकडूनच नवी, अधिक चांगली वाट बांधून घ्यावी. मकायला हें मुळींच पटलें नाहीं. मोटारीच्या आवाजापासून दूर जाण्यासाठीं जी वाट काढली, ती मोटारीच्या कडेनें चालणार असेल तर ती पुरी झाली काय आणि न झाली काय, असा त्याचा आक्षेप. १९३५-३६ मधील पत्रांत दोघांनींहि शब्द राखले नाहींत, आणि त्यानंतर त्यांचा संबंध जवळजवळ तुटलाच. १९३५ सालींच मकाय, रॉबर्ट मार्शल, आल्डो लिओपोल्ड इत्यादि मंडळींनीं अरण्यरक्षणासाठीं निराळी संस्था काढली.

या वादांत कोणाची बाजू घ्यावी? तत्त्व मकायचें खरें होतें असें मला वाटतें. पण एव्हरीशिवाय त्या तत्त्वाला पाय ठेवावयास जागाहि मिळाली नसती. सरकारनें १९३३ सालीं बेकार तरुणांसाठीं उघडलेल्या श्रमदलाच्या मुलांनीं शेनँडोआंत नवी वाट बांधली. महिना तीस डॉलर वेतन, त्यांतले पंचवीस घरीं पाठविलेले. त्यांनीं रचलेल्या दगडी ताली आजहि वाट धरून आहेत.

तथापि दोघांच्याहि नजरेंतून एक गोष्ट बरीचशी निसटली. हा डोंगर निर्जन नव्हता. उद्यानासाठीं व्हर्जिनिया संस्थानानें १९२८ सालीं खास कायदा करून जमिनी सक्तीनें घेतल्या, आणि सुमारें पांचशें कुटुंबांना पिढ्यान्पिढ्यांचीं घरें सोडावीं लागलीं. कांहींचीं घरें तर तीं पुन्हां येऊं नयेत म्हणून जाळून टाकण्यात आलीं. मोजक्या वृद्धांना मरेपर्यंत राहण्याची परवानगी मिळाली. त्यांतील शेवटची बाई १९७९ सालीं वारली. हीं माणसें रानटी, जगापासून तुटलेलीं, असें सिद्ध करणारें एक पुस्तक १९३३ सालीं प्रसिद्ध झालें होतें, आणि शहरांतल्या सुशिक्षितांना तें सोयीचेंहि होतें. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत त्यांच्या घरांचीं जोतीं खणलीं गेलीं, तेव्हां त्यांत कारखान्यांतल्या औषधांच्या बाटल्या, ग्रामोफोनच्या तबकड्यांचे तुकडे आणि विकतचीं खेळणीं सांपडलीं. म्हणजे जगाशीं त्यांचा व्यवहार इतरांसारखाच चालू होता. त्यांच्याहि पायवाटा होत्या, शाळेच्या, दळणाच्या, स्मशानाच्या. त्या खऱ्या अर्थानें पडलेल्या वाटा. त्या बुजल्या, आणि सहलींची वाट राहिली. शिवाय १९३९ सालीं उघडलेल्या लुइस डोंगरावरच्या तळावर फलक होता तो निग्रो लोकांसाठीं राखीव जागेचा. हा भेद उद्यानांतून पुरता जाण्यास १९५० साल उजाडावें लागलें. उघड्या आकाशाखालचा विसावा सर्वांसाठीं, ही मकायची भाषा वाचतांना हा फलक विसरून चालत नाहीं.

१४ ऑगस्ट १९३७ रोजीं मेनच्या रानांत श्रमदलाच्या सहा जणांनीं शेवटचा तुकडा जोडला आणि वाट अखंड झाली. अखंड राहिली मात्र जेमतेम वर्षभर! सप्टेंबर १९३८ च्या वादळानें न्यू इंग्लंडमधील तिचे लांबच लांब भाग झाडांखालीं गाडले गेले. मग युद्ध आलें. पेट्रोल आणि टायर नियंत्रणाखालीं गेल्यामुळें मंडळांच्या सहली थांबल्या, आणि झुडपांनीं आपलें राज्य परत घेतलें. १९४८ सालीं अर्ल शेफर नांवाचा एक तरुण दक्षिणेकडून निघाला तेव्हां कित्येक ठिकाणीं त्याला वाट हुडकावी लागली. बरोबर वाट चालावयाची असें ज्या बालमित्राशीं ठरलें होतें तो इवोजिमाच्या लढाईंत पडला होता. शेफर स्वतःहि पॅसिफिकमधील युद्धांतून परतलेला. लष्कर आपल्या अंगांतून चालून काढावें, या हेतूनें तो निघाला, आणि १२४ दिवसांनीं कटाडिनवर पोंचला. सलग सारी वाट चाललेला पहिला मनुष्य म्हणून त्याची नोंद आहे. पण परिषदेच्या जाणत्यांनींहि आरंभीं त्याच्यावर विश्वास ठेवला नाहीं. त्याची रोजनिशी आणि छायाचित्रें पाहिलीं तेव्हां त्यांची खात्री पटली.

एव्हरी १९५२ सालीं, अवघ्या बावन्नाव्या वर्षीं, नोव्हा स्कोशियांत प्रवासांत असतां एकाएकीं वारला. मकाय मात्र शहाण्णव वर्षें जगला. वाट पुष्कळ ठिकाणीं खाजगी जमिनींवरून केवळ तोंडी संमतीनें जात असे. मालक बदलला, किंवा त्याचें मन बदललें, कीं तिला सडकेवर यावें लागे. २ ऑक्टोबर १९६८ च्या कायद्यानें तिला राष्ट्रीय संरक्षण मिळालें, आणि १९७८ च्या दुरुस्तीनंतर जमिनी खरेदी करण्यास खरा वेग आला. पण जमीन सरकारची झाली म्हणून वाट सरकारची झाली नाहीं. १९८४ सालीं गृहखात्यानें तिच्या व्यवस्थेचा मोठा भार करार करून परिषदेकडेच सोंपविला. सरकारी मालमत्ता हौशी मंडळांच्या हातीं देण्याचा हा प्रयोग त्या देशांतहि नवाच होता. करोनाच्या सांथीपूर्वींच्या वर्षांत सुमारें सहा हजार माणसें वर्षाला दोन लक्षांहून अधिक तास या वाटेवर राबत असत.

सप्टेंबर २०२४ मध्यें हेलीन वादळ जॉर्जियापासून व्हर्जिनियापर्यंतच्या डोंगरांवर आदळलें. हजारों झाडें वाटेवर आडवीं झालीं, आणि टेनेसींत अर्विन गांवाजवळ नोलिचकी नदीवरचा ज्या पुलावरून वाट जात असे तो पूलच वाहून गेला. मंडळांनीं पुन्हां करवती काढल्या. २०२५ च्या वसंतांत दक्षिणेकडून निघालेले वाटसरू त्या नदीकांठीं आले तेव्हां त्यांना पलीकडे उतरविण्यासाठीं होडी ठेवलेली होती.