अठरा पूर्ण झाले, आता पुढं काय?

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही, राजाही नाही. आज एका आकड्याचा इतिहास बघायचाय. तो आकडा म्हणजे १८.

तुमच्या-माझ्यासाठी अठरा म्हणजे मतदान कार्ड, गाडीचं लायसन्स, कॉलेज. पण अंबड किंवा मंठ्यातलं एखादं घर डोळ्यांसमोर आणा. पोराला बौद्धिक अक्षमता आहे. तो विशेष शाळेत जातो. सकाळी डबा, मग गाडी, मग शाळेतल्या ताई, चार मित्र. सगळा दिवस त्याभोवती बांधलेला. अठरा पूर्ण होतात आणि शाळेचं दार बंद होतं. उद्या सकाळी डबा भरायचा तो कुठं न्यायला? आणि दुसरी गोष्ट बऱ्याच घरांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. आता आईची सही त्याच्या वतीनं चालत नाही. कायद्याच्या लेखी तो सज्ञान झालेला असतो.

म्हणजे एकाच दिवशी हक्क हातात येतात आणि आधार सुटतो. असं कसं काय ठरलं? मागं जाऊ.

१८७५ साली इंग्रज सरकारनं सज्ञानतेचा कायदा केला, इंडियन मेजॉरिटी ॲक्ट. करार, मालमत्ता, देणंघेणं यात वयाचा घोळ नको, एक नेमका आकडा असावा, हा हेतू. आकडा ठरला १८. कोर्टानं पालक नेमलेला असेल तर २१. (हे २१चं कलम थेट १९९९मध्ये गेलं, बघा.) आपला जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळं इंग्रजांचा हा कायदा आपल्याकडं पुढं भारतात सामील झाल्यावर आला. पण मुद्दा असा की हा आकडा व्यवहारासाठी ठरला. ज्याला आयुष्यभर कुणाचा तरी हात लागणार आहे, तो माणूस तेव्हा कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हता.

मग अशा मुलांचं काय व्हायचं? बहुतेक घरातच. ज्यांना शाळा मिळाली ते थोडे. १९००च्या सुमारास मुंबईत अंध मुलांसाठी मिशनरी शाळा निघाली. अशा शाळांमधून वेताच्या खुर्च्या विणणं, संगीत शिकवलं जायचं. म्हणजे मोठं झाल्यावर पोट कसं भरणार हा विचार तिथं होता, अगदी साधा का होईना. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मात्र अजून बराच काळ थांबावं लागलं. १९४४मध्ये मुंबईत होर्मसजी आणि जय वकील या पारशी दांपत्यानं आपल्या मुलीसाठी शाळा सुरू केली. मुलीला डाउन सिंड्रोम होता. आजची जय वकील शाळा ती हीच. पुण्यात १९६४ला सिंधुताई जोशींनी ‘कामायनी’ काढली.

आता गंमत बघा. शाळा निघाल्या, पण मुलं शाळेपुरती लहान थोडीच राहतात? ती वाढली, मिसरूड फुटलं. म्हणून मग शाळांना लागून कर्मशाळा आल्या. पणत्या रंगवा, मेणबत्त्या करा, कागदी पिशव्या चिकटवा. कर्मशाळेला नावं ठेवणं सोपं आहे. मेहनताना तुटपुंजा, आणि आयुष्यभर आपल्याचसारख्यांमध्ये बसायचं. पण ज्या आईला उद्या सकाळचा प्रश्न होता, तिला विचाराल तर ती वेगळं सांगेल. मला दोघांचंही पटतं.

त्याच काळात कुणी दुसरी वाटही धरली होती. क्रिकेटवाले विजय मर्चंट ठाऊक असतील. या माणसानं आपल्या गिरणीत अपंग कामगार घेतले आणि इतर मालकांनाही तेच सांगत राहिला. पुढं १९७७मध्ये केंद्र सरकारनं क आणि ड गटाच्या नोकऱ्यांत अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग उमेदवारांसाठी ३ टक्के जागा ठेवल्या. त्या यादीत बौद्धिक अक्षमता नव्हती. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ला ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली. त्यांना स्वतःला सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखाली अपंगत्व आलं होतं, म्हणजे या आकड्याच्या अगदी उंबरठ्यावर. संस्थेचं वसतिगृह झालं, शाळा झाली, सिंधुदुर्गात काजूप्रक्रियेचं कामही सुरू झालं.

आता येऊ १९८१वर. संयुक्त राष्ट्रांनी हे वर्ष आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आणि त्याच वर्षी, १ मेला, जालना जिल्हा झाला. त्याआधी जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणीत. योगायोगच आहे, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्याकडं अपंगत्वाचा सगळा कागद जिल्ह्याच्या गावाला जमा होतो. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयात, विशेष शाळांची फाइल जिल्हा परिषदेच्या समाजकल्याणात, पालकत्वाचा अर्ज कलेक्टर कचेरीत. ज्याला एसटीत चढणंच अवघड, त्याच्यासाठी जिल्ह्याचं गाव साठ किलोमीटरनं जवळ येणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कायद्यांची रांग त्यानंतर लागली. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यानं अठरापर्यंत मोफत शिक्षण दिलं. अठरापर्यंत! पुन्हा तोच आकडा. मग १९९९ला राष्ट्रीय न्यास कायदा आला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. आईवडिलांचा जुना प्रश्न होता, ‘आमच्यामागं याचं काय?’ या कायद्यानं त्याला कागदावर उत्तर दिलं. अठरा पूर्ण झालेल्या व्यक्तीसाठी पालक नेमायला कोर्टात खेटे घालायची गरज उरली नाही. जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती. तिच्यात कलेक्टर, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती.

पण ज्यांना आईवडीलच नाहीत, त्यांचं?

इथं जरा थांबू या, कारण ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली आहे. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचं गाव आहे. तिथं शंकरबाबा पापळकर या माणसानं नव्वदच्या दशकापासून टाकून दिलेली अपंग मुलं सांभाळली. कुणी रेल्वे स्टेशनवर सापडलेलं, कुणी बसस्टँडवर. शंभरावर मुलांच्या कागदावर वडिलांच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव लावलं. मुलं वाढली, माळरानावर हजारो झाडं लावली, पाणी घातलं. काहींची लग्नं झाली. त्यांच्यातली एक अंध मुलगी एमपीएससीची परीक्षा देऊन सरकारी नोकरीत लागली.

आता सरकारी नियम ऐका. १९८६च्या बालन्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक, मुलगी अठरापर्यंत. २०००ला दोघांनाही अठरा. म्हणजे अठरा झाले की बालगृह सोडायचं. नंतरच्या नियमांत अनुरक्षण आलं, २१पर्यंत, फारच अडचण असेल तर २३. पापळकर वर्षानुवर्षं एकच विचारत आलेत: जिला दिसत नाही, बोलता येत नाही, घरचं कुणी नाही, ती २३नंतर कुठं जाईल? बेवारस अपंगांना अठरानंतरही आहे त्या घरात राहता यावं, असा कायदा करा, ही त्यांची मागणी. स्वतः त्यांनी कुणाला बाहेर काढलं नाही. २०२४ला सरकारनं त्यांना पद्मश्री दिली. मागणीचं मात्र अजून भिजत घोंगडं.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे, आणि ती टाळून चालणार नाही. अठराचा आकडा नुसता आधार काढून घेत नाही, तो संरक्षणही देतो. चंदीगडच्या सरकारी निवारागृहातली, सौम्य बौद्धिक अक्षमता असलेली एक अनाथ तरुणी अत्याचारातून गरोदर राहिली. तिला मूल हवं होतं. हायकोर्टानं गर्भपाताचा आदेश दिला. २००९मध्ये सुप्रीम कोर्टानं तो थांबवला. ती सज्ञान आहे, तिची संमती लागेलच, असं कोर्टाचं म्हणणं. म्हणजे ‘तिच्या भल्यासाठी’ म्हणून तिच्या वतीनं परस्पर ठरवता येणार नाही.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात हाच विचार पुढं गेला. अपंगत्वाचे प्रकार २१ झाले, सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ४ टक्के झालं आणि त्यात पहिल्यांदाच बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आली. पालकत्वही बदललं. कलम १४मध्ये आता मर्यादित पालकत्व आहे. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि दोघांनी मिळून ठरवायचं. कागदावर हे फार मोठं पाऊल आहे. मोफत शिक्षणाची हद्द मात्र तिथंच राहिली, ६ ते १८.

तर मंडळी, ऐकणाऱ्यांपैकी कुणाचा भाऊ, बहीण, चुलतभाऊ आत्ता सोळा-सतराचा असेल, तर घरात हे बोलणं आत्ताच काढा. युडीआयडी कार्ड झालंय का बघा. बँकेचं खातं अठरानंतर कोण चालवणार ते विचारा. वडील सरकारी नोकरीत असतील तर अपंग अपत्याचं नाव कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोंदवलंय का तेही बघा. इतर मुलांना ते सहसा वयाच्या अटीपर्यंतच मिळतं, अपंग मुलाला पुढंही मिळू शकतं. पालकत्वाचा अर्ज अठरा पूर्ण झाल्यावरच होतो, पण कागद गोळा करायला वेळ लागतो. आणि त्या बोलण्याच्या वेळी ज्याच्याबद्दल बोलताय, त्याला खोलीबाहेर बसवू नका. त्याला कुठं जायला आवडतं, कुणासोबत राहायचंय, हे त्याला शब्दात नाही तर खुणेनं सांगता येतं. तुम्ही त्याच्यासोबत वाढलात, तुम्हाला ते कळतं.

भेटू पुढच्या भागात.