संगणकावरची सरळ रेषा

मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरील (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) वडनेर भोलजी, ता. नांदुरा यांसारख्या गावांत घराच्या जागेचा हिशेब अजूनही गुंठ्यात होतो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फुटांचा एक गुंठा. मोजणीची जुनी साखळीही ३३ फुटांचीच, तिचे १६ आणे. अशा जागेचा आराखडा आता गवंड्याच्या दोरी-ओळंब्याआधी ‘ऑटोकॅड’मध्ये उतरतो. तेथे हद्दीची रेषा एक अंशाने जरी कलली, तरी दुसऱ्या टोकाला ती सुमारे सात इंच सरकते आणि साडेनऊ चौरस फूट जागा शेजाऱ्याकडे जाते किंवा त्याच्याकडून येते. हद्दीच्या वादाला एवढे निमित्त पुरे होते.

संगणकाच्या लेखी रेषा म्हणजे दोन टोकांचे अंक. तिरपी रेषा पडद्यावर पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, तो दोष ठिपक्यांचा असतो, आराखड्याचा नव्हे. हे ठिपके कसे निवडावेत याची रीत ‘आयबीएम’च्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये शोधली. त्यानंतरच्याच वर्षी इव्हान सदरलँड यांच्या ‘स्केचपॅड’मध्ये प्रकाशलेखणीने ओढलेली वाकडी रेषा आज्ञेसरशी आडवी वा उभी होऊ लागली. ‘ऑटोकॅड’ १९८२ चे.

त्यात ‘लाइन’ ही आज्ञा देऊन ‘एफ ८’ कळ दाबली की ‘ऑर्थो’ सुरू होते आणि रेषा फक्त आडवी किंवा उभी जाते. मग माऊस दिशा दाखवण्यापुरता. लांबी आकड्यानेच द्यावी. ठरावीक कोनांसाठी ‘एफ १०’वरचे ‘पोलर’ आहे. मात्र दोन्ही एकाच वेळी चालत नाहीत.

नवशिक्यांची फसगत होते ती पुढे. ‘ऑर्थो’ सुरू असतानाही ‘ऑब्जेक्ट स्नॅप’ने (‘एफ ३’) एखादे टोक पकडले, तर ‘ऑर्थो’ बाजूला राहते आणि रेषा त्या टोकाकडे तिरपी जाते. दुसरे असे की, कोन दशांशाशिवाय दाखवण्याची मांडणी असेल, तर ८९.६ अंशांची भिंतही ९० अंशांचीच दिसते. ‘युनिट्स’मध्ये कोनाची अचूकता वाढविल्याशिवाय ही चूक उघडकीस येत नाही. शिवाय हा प्रोग्राम एरवी कोन पूर्वेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतो, तर मोजणीदाराचे दिगंश उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने. एकाचे आकडे दुसरीकडे जसेच्या तसे टाकले, की सारा प्लॉट फिरतो! फूट-इंचांच्या मांडणीत नुसते ३३ लिहिले, तर ते इंच धरले जातात, हेही ध्यानात ठेवावे.

चौकोन पूर्ण झाल्यावर ‘डिस्ट’ आज्ञेने दोन्ही कर्ण मोजावेत. गुंठ्याच्या अचूक चौरसात ते प्रत्येकी सुमारे ४६ फूट ८ इंच भरतात. फक्की टाकल्यावर, पाया खोदण्यापूर्वी, हीच मापे जागेवर टेपने पुन्हा घ्यावीत.