रांग सुपरकॉम्प्युटरची

परवा भाची वैतागून म्हणाली, "मामा, माझं काम तीन दिवस नुसतं रांगेत पडलंय!" ती रसायनशास्त्रात पीएचडी करतेय, गणितं संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरवर चालतात. म्हटलं, बाई गं, ही रांग माझ्याहून जुनी आहे.

१९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. १९६४ मध्ये तिथेच अमेरिकन सीडीसी ३६०० आला आणि बाहेरच्या संशोधकांनाही तो वापरता येऊ लागला. तेव्हा पंचकार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि पाळीची वाट बघायची. एक कार्ड चुकलं की पुन्हा रांगेच्या शेवटी.

पण 'आधी येईल त्याला आधी' यातही गोची आहे. पुढच्या कामाला शंभर प्रोसेसर हवेत आणि साठच मोकळे असतील, तर ते साठ रिकामे बसतात. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत यावर तोडगा निघाला. मोठ्या कामाची वेळ राखून ठेवायची आणि तोवर उरकणारी छोटी कामं मधल्या फटीत सोडायची. एसटीत नाही का, रिझर्व्हेशनवाला पुढच्या स्टँडवर चढणार असेल तर तोवर आपण बसतो! अट एकच: काम किती वेळ चालेल ते आधी सांगायचं. वेळ संपली की काम बंद.

भाचीने भीतीपोटी ९६ तास मागितले होते, लागतात सहा. आठ लिहायला सांगितलं. त्याच रात्री काम लागलं.

पण सगळं इथेच सुटत नाही. कुठल्या विभागाला किती वाटा, हा आकडा सॉफ्टवेअर ठरवत नाही. तो माणसं ठरवतात, सॉफ्टवेअर फक्त पाळतं. तिच्या विभागाचा वाटा किती, हे तिला आजही कुणी सांगितलेलं नाही.

२०१५ मध्ये राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनला ४,५०० कोटींची मंजुरी मिळाली. त्यातूनच पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' उभा राहिला. पैसा आपला आहे. यंत्रं आली की फोटो छापून येतात, वाटपाबद्दल मात्र कुणी विचारत नाही.

रेशन दुकानाबाहेर साठा आणि भाव फळ्यावर लिहावा लागतो. मग सुपरकॉम्प्युटरच्या वाटपाचा फळा का नको?