विम्याची उतरंड

शाळेंत बेरीज शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, आंबे आणि चिंचा यांची बेरीज होत नाहीं. बेरीज व्हावयाची ती सजातीय वस्तूंचीच. एवढ्याशा नियमासारखाच दिसणारा एक वाद अमेरिकेंतील न्यायालयांत सुमारें साठ वर्षें चालला आहे, आणि त्याच्या निकालावर कित्येक जखमी माणसांचा पुढील चरितार्थ अवलंबून राहिला आहे. त्या वादाचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

समजा, एका घरीं दोन मोटारी आहेत. दोहोंचा विमा उतरलेला आहे. दोहोंचे हप्ते वेळेवर भरलेले आहेत. घरधन्याला तिसऱ्याच एका मोटारीनें ठोकरलें. दोष सर्वस्वीं त्या चालकाचा; परंतु त्याच्याजवळ ना विमा, ना पैसा. अशा प्रसंगासाठींच घरधन्यानें आपल्या प्रत्येक मोटारीच्या विम्यांत १५,००० डॉलरांचें संरक्षण घेतलेलें आहे. नुकसान आहे ४०,००० डॉलरांचें. त्याला १५,००० मिळावे कीं ३०,०००? स्वयंपाकघरांतील उतरंडीप्रमाणें एकावर एक रचलेले हे विमे एकामागून एक उपयोगांत आणतां येतील काय?

हें संरक्षण मुळांत निघालें कसें, तें आधीं पाहूं. कनेटिकट राज्यानें १९२५ सालीं असा कायदा केला कीं, ज्याच्या हातून अपघात घडला त्यानें पुढील नुकसान भरून देण्याची आपली ऐपत सिद्ध करावी. बैल गेला आणि झोपा केला, त्यांतलाच हा प्रकार! पहिल्या अपघातांत ज्याचा पाय मोडला, त्याच्या पदरांत कांहींच पडलें नाहीं. त्याच वर्षीं मॅसॅच्युसेट्स राज्यानें मात्र प्रत्येक मोटारमालकावर विम्याची सक्ती करणारा कायदा केला, व तो १ जानेवारी १९२७ पासून अमलांत आला. न्यूयॉर्कनें तसा कायदा केला तो १९५६ सालीं.

सक्तीचें हें लोण सर्वत्र पसरेल, ही विमाकंपन्यांची धास्ती. म्हणून त्यांनीं निराळी तोड काढली: दुसऱ्याजवळ विमा नसेल, तर त्याच्या दोषाची भरपाई आपल्याच विम्यांतून मिळावी, आणि त्यासाठीं थोडा जादा हप्ता भरावा. १९५७ सालीं न्यू हॅम्पशर राज्यानें या संरक्षणाला प्रथम कायद्याचें पाठबळ दिलें. गंमत अशी कीं, सर्व वाहनचालकांवर विम्याची सरसकट सक्ती त्या राज्यांत आजही नाहीं. पुढें, ज्याचा विमा आहे पण तुटपुंजा आहे, अशा चालकापासूनही असेंच संरक्षण मिळूं लागलें.

येथून बेरजेचा वाद उत्पन्न झाला. कंपन्यांनीं करारांत कलम घातलें होतें कीं, दुसरा विमा असल्यास आमची जबाबदारी कमी व्हावी. पण व्हर्जिनियांत १९६५ सालीं, फ्लॉरिडांत १९६६ सालीं व अलाबामांत १९७० सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयांनीं अशीं कलमें झुगारून दिलीं. हप्ते दोन घेतले, तर संरक्षणही दोन द्या, असा या विचारसरणीचा मथितार्थ. शिवाय, दुसऱ्याला इजा झाल्यास द्यावयाच्या भरपाईचा विमा हा वाहनाला चिकटलेला असतो. हें संरक्षण मात्र माणसाबरोबर चालतें. तो पायीं जात असला तरी तें त्याला मिळतें. म्हणजे दोन्ही रकमा एकाच माणसाच्या, सजातीयच ठरल्या!

कंपन्यांचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. देणें वाढलें कीं हप्ता वाढतो, आणि हप्ता वाढला कीं गरीब माणूस विमाच सोडतो. कायदेमंडळांनीं हें ऐकलें. फ्लॉरिडानें १९७६ सालीं रचण्यास बंदी केली. पुढें या संरक्षणापुरती ती उठविली, आणि न रचणारा विमा घेतल्यास त्या संरक्षणाचा दर निदान २० टक्क्यांनीं कमी असावा, असें ठरविलें. पेनसिल्व्हेनियानें १९९० सालीं ठराविक मजकुराचा एक कागद नेमून दिला. त्यावर सही केली कीं हप्ता कमी होतो. पण सही करणाऱ्याचाच नव्हे, तर त्याच्या घरांतील माणसांचाही बेरजेचा हक्क जातो.

याच राज्यांतील एक खटला लक्षांत ठेवण्याजोगा आहे. २०१२ सालीं एका मोटारसायकलस्वारास दुसऱ्या गाडीनें धडक देऊन जबर जखमी केलें. त्याच्या मोटारसायकलीवर ५०,००० चें व घरच्या दोन मोटारींवर प्रत्येकीं १,००,००० डॉलरांचें संरक्षण होतें. बेरजेचा जादा हप्ताही त्यानें भरला होता. कंपनीनें ५०,००० देऊन उरलेल्या २,००,००० ला नकार दिला. कारण काय, तर घरांतील दुसऱ्या विम्याचें वाहन वापरल्यास संरक्षण नाहीं, असें एक कलम! सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं तें कलम तेथें निरर्थक ठरविलें. मात्र असें कलम प्रत्येक प्रसंगीं रद्दच असतें असें नव्हे, असेंही त्यानें २०२३ सालीं स्पष्ट केलें.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार कायद्यानें तिऱ्हाइतासाठीं विम्याची सक्ती केली व ती १ जुलै १९४६ पासून अमलांत आली. वाट निराळी; पण दोहोंच्या मुळाशीं चिंता एकच: दुसऱ्याच्या बेफिकिरीची किंमत निरपराध्यानें कां मोजावी?

श्रोतेहो, थोड्या बचतीसाठीं केलेली सही घरांतील झोपलेल्या लेकराचाही हक्क घालवूं शकते. म्हणून कोणत्याही देशांत, कोणत्याही कागदावर, सही वाचल्यावर करावी, सही केल्यावर वाचूं नये.