अहमदाबादची पोळ : अंगणाखालचे शहाणपण

अहमदाबादला आपल्यापैकी अनेकजण कामधंद्यानिमित्त जातात. जामा मशीद पाहतात, माणेक चौकात खरेदी करतात आणि परततात. पण चौकाभोवतीच्या गल्ल्यांत जी जुनी वस्ती आहे, तिच्या दरवाजातून आत पाऊल टाकणारे थोडेच. त्या वस्तीची ओळख करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्व तीरावर हे शहर वसविले. १४२४ मध्ये जामा मशीद पुरी झाली. पुढे तटाच्या आत 'पोळ' नावाच्या वस्त्या वाढल्या. संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेशीचा दरवाजा. त्यावरून हा शब्द आला. एक दरवाजा, आत वळणांची अरुंद गल्ली, भिंतीला भिंत लावून उभी घरे, आणि पाखरांना दाणे टाकण्यासाठी खांबावरचा नक्षीदार चबुतरा. पोळीतील हिंदू व जैनांच्या घरांवर असो वा मोहल्ल्यातील मुसलमानांच्या घरांवर, लाकडावरील कोरीवकाम एकाच परंपरेचे दिसते.

या घरांचे खरे वैभव मात्र नक्षीत नाही. ते मधल्या उघड्या चौकात आहे. चौकातून उजेड आणि वारा घरभर खेळतो. अरुंद गल्लीमुळे भिंतींवर ऊन कमी पडते. चौकाच्या फरशीखाली चुन्याने गिलावा केलेले 'टांके' असते. पहिल्या पावसाचे पाणी वाहू देत. गच्ची धुऊन निघाली की पुढचे पाणी नळीने टांक्यात सोडीत. उजेड न लागल्याने त्यात शेवाळ धरत नसे, आणि पिण्याचे पाणी वर्षभर पुरे.

२०१७ साली युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला. भारतात हा मान प्रथम याच शहरास मिळाला. परंतु दर्जा मिळाला म्हणून घर उभे राहत नाही. अनेक कुटुंबे नदीपलीकडे राहावयास गेली. काही घरांची गोदामे झाली, काहींचे कोरीव खांब सुटे करून विकले गेले. नळ आले आणि बहुतेक टांकी विसरली गेली.

खांब गेला तर तो निदान कोणाच्या दिवाणखान्यात दिसेल. टांके बुजले, तर पाणी साठविण्याची ती विद्याच जाईल. म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अहमदाबादला जाल तेव्हा एखाद्या पोळीतील वडीलधाऱ्यांना अदबीने विचारा, "आपल्या घरात टांके आहे का?" ते झाकण उघडून दाखवतील. इतिहासाचा तो धडा आपल्या क्रमिक पुस्तकात सापडणार नाही.