डॉक्टरांच्या व्यवसायांचे एकत्रीकरण (अमेरिका)

डॉक्टरांचे स्वतंत्र दवाखाने व गट हे रुग्णालये, विमा कंपन्या, गुंतवणूक फंड किंवा मोठे वैद्यकीय गट यांच्या मालकीखाली जाण्याची प्रक्रिया. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहण्यांनुसार खासगी व्यवसायातील डॉक्टरांचे प्रमाण २०१२ मध्ये ६०.१ टक्के होते. २०२४ मध्ये ते ४२.२ टक्क्यांवर आले.

कारणे : विमा कंपनीशी दर ठरवताना एकट्या डॉक्टरचे फारसे चालत नाही. त्यात संगणकीय नोंदी आणि बिलांचा खर्च वाढला. तीच तपासणी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात झाल्यास मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना अनेकदा जास्त पैसे देते, म्हणून दवाखाने विकत घेणे रुग्णालयांना परवडते. २०१५ च्या कायद्याने ही तफावत अंशतःच कमी केली.

स्पर्धेचे मोजमाप : नेहमीच्या आजारासाठी रुग्ण लांब जात नाही. त्यामुळे बाजारपेठ शहरागणिक आणि वैद्यकशाखेगणिक मोजावी लागते. नॉर्थ डकोटातील बिस्मार्क येथे सॅनफर्ड हेल्थ ही संस्था मिड डकोटा क्लिनिक घेणार होती. तसे झाले असते, तर बालरोगसेवेचा ९८.६ टक्के आणि सामान्य शस्त्रक्रियेचा १०० टक्के वाटा एकाच संस्थेकडे गेला असता. प्रबळ विमा कंपनी दर वाढू देणार नाही, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. २०१७ मध्ये या व्यवहाराला घातलेली मनाई अपील न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केली.

परिणाम : २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅप्स, ड्रॅनोव्ह व ओडी यांच्या अभ्यासात, रुग्णालयाने व्यवसाय घेतल्यानंतर डॉक्टरांच्या सेवांचे दर सरासरी १४.१ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. हा बोजा अखेर विम्याच्या हप्त्यांतून कुटुंबांवरच पडतो.

कायदा : स्पर्धा घटवणाऱ्या विलीनीकरणांना १९१४ च्या क्लेटन कायद्याचे कलम ७ मनाई करते. आयडाहोतील नॅम्पा येथे सेंट ल्यूक्स या रुग्णालय संस्थेने सॉल्ट्झर हा डॉक्टरांचा गट घेतल्याने प्रौढांच्या प्राथमिक सेवेचा सुमारे ८० टक्के वाटा त्यांच्याकडे गेला. रुग्णसेवा सुधारण्याचा हेतू मान्य करूनही न्यायालयाने २०१४ मध्ये हा व्यवहार मोडायला लावला. २०१५ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. मात्र ठरावीक रकमेखालील व्यवहार केंद्र सरकारला आगाऊ कळवावे लागत नाहीत. एकेक छोटा गट घेत मक्तेदारी उभारल्याचा आरोप फेडरल ट्रेड कमिशन या केंद्रीय स्पर्धा नियामकाने २०२३ मध्ये टेक्सासमधील भूलतज्ज्ञांच्या एका मोठ्या गटावर ठेवला. एकदा कर्मचारी आणि नोंदी एकत्र झाल्या की गट पुन्हा वेगळे करणे कठीण जाते. त्यामुळे छोट्या व्यवहारांचीही आगाऊ छाननी होणे रुग्णांच्या हिताचे आहे.